एका रात्रीचं ओलित, एकशेसाठ पंपांचा जोर

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादच्या हुसेनसागर तलावाकाठी विजेवर चालणाऱ्या बावीस मोटारी एकाच इशाऱ्यावर सुटल्या. सचिवालय, लुंबिनी पार्क आणि एनटीआर गार्डनच्या आजूबाजूचे, एरवी रिक्षा आणि बसगाड्यांनी गजबजलेले रस्ते त्या दिवशी काँक्रीटच्या कठड्यांनी बंदिस्त केले होते. एक फेरी २.८३ किलोमीटरची आणि तिच्यात १८ वळणं. तीसहून अधिक फेऱ्यांत मिळून नव्वद किलोमीटरच्या वर अंतर झालं आणि त्याला वेळ लागला पाऊण तासाच्या आसपास. फॉर्म्युला ई या जागतिक मालिकेची भारतातली ही पहिली शर्यत. वऱ्हाडातल्या माणसाला हे अंतर नकाशा न उघडता कळेल. अमरावतीच्या राजकमल चौकातून निघायचं, बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू मागे टाकायचं आणि अकोल्याच्या वेशीशी पोचायचं, एवढंच ते आहे.

थक्क करणारा आकडा मात्र वेगाचा नाही. या अख्ख्या शर्यतीसाठी एका गाडीला बॅटरीतून जास्तीत जास्त ३८.५ किलोवॅट-तास ऊर्जा वापरायला मिळत होती. बिलाच्या भाषेत साडेअडतीस युनिट.

आता शेतातल्या मोटारपंपाचा हिशेब करू. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे ३.७३ किलोवॅट. वऱ्हाडातल्या शेतीला वर्षानुवर्षं आळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज मिळत आली आहे. रात्रीचे दहा तास धरले, तर ३.७३ गुणिले १० म्हणजे ३७.३ युनिट होतात. पंपाच्या मोटरीतली घट मिळवली तर मीटरवर त्याहून थोडे जास्तच पडतील. म्हणजे हरभऱ्याच्या वावरात एका पंपाने एक रात्र ओलित करायला जेवढी वीज लागते, तेवढ्यात जगातल्या अव्वल चालकांपैकी एक जण अमरावती ते अकोल्याएवढं अंतर शर्यतीच्या वेगाने कापतो.

याच गाडीचा दुसरा आकडा बघा. वळणाआधी चालक वेग कमी करतो, तेव्हा पुढची आणि मागची मोटर मिळून ६०० किलोवॅटपर्यंत वीज बॅटरीत परत ढकलू शकतात. सहाशेला ३.७३ ने भागलं की १६१ येतात. पाच अश्वशक्तीचे एकशेसाठ पंप एकाच क्षणी सुरू व्हावेत, एवढा तो जोर.

गाडी तीच, बॅटरी तीच. युनिटात मोजली तर एका पंपाची एक रात्र, किलोवॅटात मोजली तर एकशेसाठ पंप. युनिट सांगतं की एकूण किती वीज लागली, किलोवॅट सांगतो की ती किती झपाट्याने लागली. विजेच्या गाड्यांबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्यात हे दोन आकडे सर्रास एकमेकांत मिसळतात. वऱ्हाडाला पुढच्या काळात ज्या अडचणी येतील, त्यांतल्या बऱ्याच या गल्लतीतून येणार आहेत, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे आकडे नीट उलगडून पाहायला हवेत.

वेग परत मिळवायचा

हैदराबादला धावलेल्या गाड्या या मालिकेच्या तिसऱ्या पिढीच्या होत्या. चालकासह वजन साडेआठशे किलोच्या आसपास, कमाल शक्ती ३५० किलोवॅट म्हणजे सुमारे ४७० अश्वशक्ती, आणि ताशी ३२० किलोमीटरपर्यंत जाण्याची क्षमता. मागच्या चाकांना नेहमीसारखे दाबाचे ब्रेकच नव्हते. तिथला सगळा ब्रेक मोटरच लावत होती. मोटर उलट काम करू लागली की ती जनित्र होते, चाकाची गती शोषून घेते आणि तिची वीज करते.

एका वळणाचं गणित मांडून पाहू. साडेआठशे किलोची गाडी ताशी २२० किलोमीटरवरून ६० वर आणायची आहे. भौतिकशास्त्राच्या शाळकरी सूत्राने तिच्या गतीतून सुटणारी ऊर्जा काढली, तर ती ०.४१ युनिट भरते. सहाशे किलोवॅटच्या दराने ही ऊर्जा काढून घ्यायला सुमारे अडीच सेकंद लागतात. साध्या गाडीत या ऊर्जेने ब्रेकची तबकडी लालबुंद होते आणि सगळी उष्णता वाऱ्यावर जाते. इथे तिचा मोठा भाग बॅटरीत परत जातो. साडेअडतीस युनिटांचा एक टक्का म्हणजे ०.३८५ युनिट. एका नेटक्या ब्रेकची किंमत बॅटरीच्या जवळजवळ एका टक्क्याएवढी आहे.

शर्यतीत गाडी जेवढी ऊर्जा वापरते, तिच्यातली किमान चाळीस टक्के अशी ब्रेकमधूनच परत मिळावी, हे या गाडीच्या रचनेचं उद्दिष्ट होतं. बॅटरीतले ३८.५ युनिट हे उरलेले साठ टक्के धरले, तर एकूण खर्च चौसष्ट युनिटांच्या घरात जातो. म्हणजे जवळपास सव्वीस युनिट गाडीने धावता धावता स्वतःच कमावलेले असतात.

याच कारणामुळे अशी शर्यत शहराच्या रस्त्यावर शोभते. लांबच लांब सरळ मार्गावर ब्रेक लागत नाही आणि कमाईही होत नाही. अठरा वळणांच्या शहरी रस्त्यावर थांबणं-सुटणं सतत चालू असतं. पेट्रोलच्या गाडीला चौकाचौकांत जे नुकसान होतं, तिथेच विजेच्या गाडीला परतावा मिळतो.

छप्पन, बावन्न, साडेअडतीस

ही मालिका १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगमध्ये सुरू झाली. महिंद्राचा संघ त्या पहिल्या हंगामापासून तिच्यात आहे. पुढे आलेल्या जग्वारच्या संघामागची मूळ मालकीही टाटा मोटर्सची, म्हणजे मुंबईचीच. पहिल्या पिढीच्या गाडीत वापरायला २८ युनिट मिळत आणि ती शर्यतीच्या अर्ध्यावर संपत. मग चालक पिटमध्ये, म्हणजे गाड्यांच्या थांब्यावर येई, पट्टे सोडून उतरे, शेजारी भरून ठेवलेल्या दुसऱ्या गाडीत बसे आणि पुढे निघे. एका शर्यतीला दोन गाड्या, छप्पन युनिट. त्या गाडीची कमाल शक्ती होती २०० किलोवॅट.

२०१८ च्या अखेरीस दुसरी पिढी आली. शक्ती २५० किलोवॅट आणि वापरायला सुमारे ५२ युनिट. एकाच गाडीत शर्यत पूर्ण होऊ लागली. २०२३ च्या तिसऱ्या पिढीत शक्ती ३५० किलोवॅटवर गेली आणि युनिट साडेअडतीसवर उतरले.

आठ-नऊ वर्षांत ताकद पावणेदोन पट झाली आणि वीज तीस टक्क्यांनी कमी लागू लागली. बॅटरी मोठी करत न्यायची, हा सोपा मार्ग होता. अभियंत्यांनी ती लहान केली आणि वाया जाणारी ऊर्जा परत घेण्याची क्षमता वाढवली. दुसऱ्या पिढीत ब्रेकमधून कमाल २५० किलोवॅट परत घेता येत, तिसरीत सहाशे. याच पिढीच्या सुधारित गाडीने नंतर ताशी ९६ किलोमीटरचा वेग १.८२ सेकंदांत गाठला. त्या क्षणी चालकाच्या पाठीवर येणारा दाब त्याच्या वजनाच्या दीडपट असतो.

हैदराबादच्या निकालातही हेच दोन आकडे दिसले. जिंकला फ्रान्सचा जाँ-एरिक वेर्न. शेवटच्या फेऱ्यांत त्याच्या बॅटरीत मागे लागलेल्या निक कॅसिडीपेक्षा कमी ऊर्जा उरली होती. त्याने तरीही वाट दिली नाही आणि अर्ध्या सेकंदापेक्षा कमी फरकाने रेषा ओलांडली. हा युनिटांचा विजय. तिसरा आलेला सेबास्तियन बुएमी मात्र ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शक्ती वापरल्यामुळे दंड होऊन फार मागे फेकला गेला. ही किलोवॅटांची हार. कोणी एकूण किती वीज घेतली यावर नजर असते, तेवढीच एका क्षणी किती घेतली यावरही असते.

पारसचे बारा सेकंद

बावीस गाड्यांचे प्रत्येकी साडेअडतीस युनिट, म्हणजे एकूण ८४७ युनिट. हा आकडा किती मोठा?

अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यात पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर एका सेकंदाला जवळपास सत्तर युनिट तयार होतात. बावीसही गाड्यांची पूर्ण शर्यतीची वीज तो बारा-साडेबारा सेकंदांत बनवतो. एका गाडीची वीज तर अर्ध्या सेकंदाच्या किंचित पुढे. अमरावतीजवळच्या नांदगावपेठचा वीज प्रकल्प १,३५० मेगावॅटचा आहे. त्याच्या पूर्ण भारावर सगळी शर्यत सव्वादोन सेकंदांची. आपल्याकडच्या कोळशाने एका युनिटाला साधारण पाऊण किलो कोळसा जळतो असं धरलं, तर सगळी शर्यत सहाशे-साडेसहाशे किलो कोळशात उरकते.

म्हणजे नुसत्या युनिटांकडे पाहिलं, तर चिंता करावी असं काहीच नाही. पण शर्यत सुटते त्या क्षणी बावीस गाड्या कमाल साडेतीनशेच्या खाली, प्रत्येकी ३०० किलोवॅट ओढतात. एकूण ६.६ मेगावॅट. हा भार बॅटऱ्यांनी न उचलता रस्त्याकडेच्या तारांवर टाकला असता तर काय झालं असतं? शेतशिवारात दिसणारी नेहमीची डीपी ६३ केव्हीएची असते. अगदी उदारपणे ती पूर्ण ६३ किलोवॅट देते असं समजलं, तरी एकशेपाच डीप्या लागल्या असत्या. रब्बीत दहा-पंधरा पंप एकदम सुरू झाले की डीपी जळते आणि पंधरा-पंधरा दिवस गाव अंधारात राहतं, हे ज्याने भोगलं आहे त्याला १०५ या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या गावातही युनिट कमी पडलेले नसतात. पारस चालू असतं, नांदगावपेठ चालू असतं. वीज असते, पण तेवढी एकदम वाहून न्यायला तार आणि रोहित्र पुरत नाही.

बॅटरीचं खरं काम हेच. ती तारेवरून वीज सावकाश घेते आणि लागेल तेव्हा झपाट्याने देते.

बारा मीटर प्रतिमिनिट

गाडी धावायला आधी रस्ता हवा. आणि रस्त्याच्या बाबतीत अमरावती-अकोल्याच्या नावावर एक जागतिक विक्रम आहे.

राष्ट्रीय महामार्ग ५३ ओडिशातल्या पारादीपहून रायपूर, नागपूर, अमरावती, अकोला, धुळे करत सुरतेला जातो. अमरावती ते अकोला हा त्याचा तुकडा कितीतरी वर्षं खड्ड्यांसाठी आणि रखडलेल्या कामासाठी ओळखला जायचा. ३ जून २०२२ रोजी सकाळी तिथे डांबरीकरण सुरू झालं, ते ७ जूनच्या संध्याकाळी थांबलं. १०५ तास ३३ मिनिटं, अहोरात्र, एकदाही खंड न पडता. एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून झाला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २५.२७५ किलोमीटरचा, २०१९ मधला. वऱ्हाडाच्या उन्हात ७२० माणसांनी तो जवळजवळ तिप्पट केला. काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासाठी राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीने केलं.

पंचाहत्तर किलोमीटरला वेळेने भागलं, की दर मिनिटाला जवळपास बारा मीटर रस्ता तयार झाला असं दिसतं. एकूण डांबरी मिश्रण ३६,६३४ टन, त्यात डांबर २,०७० टन. तासाला ३४७ टन मिश्रण. रस्त्याच्या प्रत्येक मीटरला ४८८ किलो. साडेचार दिवस, रात्री दोन वाजतासुद्धा, दर मिनिटाला पावणेसहा टन गरम माल पसरत गेला.

या कामाची ऊर्जा मोजून पाहिली, तेव्हा मी हादरलो. असं मिश्रण दीडशे-एकशेसाठ अंशांपर्यंत तापवावं लागतं. खडी मूळची तीस अंशांवर आहे असं धरलं, तर ३६,६३४ टन माल १६० अंशांवर न्यायला कमीत कमी बारा लाख युनिटांएवढी उष्णता लागते. खडीतला ओलावा उडवायला आणि धुराड्यातून जाणाऱ्या वाफेला लागलेली वेगळीच. बावीस गाड्यांच्या शर्यतीला ८४७ युनिट, आणि ७५ किलोमीटरच्या एका थराला फक्त तापवण्यासाठी बारा लाख. चौदाशे शर्यतींएवढी ऊर्जा! उष्णता आणि वीज सरळ एका तराजूत घालता येत नाहीत हे खरं. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज करायला साधारण तीन युनिट उष्णता जळते. तेवढी सूट दिली, तरी गुणोत्तर पाचशेच्या जवळपास राहतं.

याचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. गाडी चालवण्याच्या ऊर्जेवर आपण तावातावाने बोलतो, पण रस्ता बनवण्याची ऊर्जा आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. एकदा टाकलेला चांगला रस्ता वीस वर्षं टिकला, तर ती बारा लाख युनिटं लाखो फेऱ्यांवर वाटली जातात. तीन पावसाळ्यांत उखडला, तर तीच ऊर्जा पुन्हा जाळावी लागते. वऱ्हाडात काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, रस्त्याखालचा भराव सतत हलत असतो. इथे रस्त्याचा दर्जा राखणं म्हणजे सरळ सरळ इंधन वाचवणं आहे.

लालपरीचे किलोवॅट

हा विक्रम सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी, १ जून २०२२ रोजी, एसटीची विजेवरची पहिली शिवाई बस पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला निघाली. नंतर महामंडळाने अशा ५,१५० बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. शर्यतीतली तीनशे-सहाशेची गणितं आपल्या आगारांच्या दाराशी येतात ती अशी.

बारा मीटरची विजेची बस किलोमीटरला एक युनिट किंवा थोडी जास्त वीज घेते. अमरावती-अकोला एका खेपेला शंभर ते सव्वाशे युनिट समजू. शर्यतीच्या गाडीच्या तिप्पट! पण तिच्यात चाळीस माणसं बसतात. माणशी तीन युनिटांच्या आसपास. अकोल्याच्या बाजाराला निघालेला शेतकरी, अमरावतीला शिकायला जाणारी पोरगी, दवाखान्यात चाललेली आजी, प्रत्येकाच्या वाट्याला तीन युनिट. शर्यतीच्या चालकाला तेवढ्याच अंतराला एकट्याला साडेअडतीस लागले होते.

आता राज्याचा हिशेब. प्रत्येक बसला दिवसाला दोनशे युनिट लागतात असं गृहीत धरू. ५,१५० बसना मिळून दहा लाख तीस हजार युनिट. पारसचे दोन्ही संच पूर्ण चालले, तर तासाला पाच लाख युनिट देतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या या सगळ्या विजेच्या बसची दिवसभराची भूक पारस एकटं सुमारे दोन तासांत भागवू शकतं. एका जिल्ह्यातलं केंद्र, दोन तास, पाच हजार बस.

आणि याच बस संध्याकाळी सात वाजता एकाच वेळी २४० किलोवॅटच्या चार्जरला लावल्या तर? ५,१५० गुणिले २४० म्हणजे १,२३६ मेगावॅट. दोन तासांचं काम असलेल्या पारससारखी अडीच केंद्रं त्या क्षणी फक्त बससाठी लागतील, नेमकी त्या वेळी जेव्हा घराघरांत दिवे, कूलर आणि टीव्ही सुरू असतात.

एका आगाराचं बघू, म्हणजे चित्र हाताशी येईल. वीस बस, रोजचे चार हजार युनिट. सगळ्या एकदम लावल्या, तर ४.८ मेगावॅट, म्हणजे ६३ च्या शहात्तर डीप्यांचा भार. पन्नास मिनिटांत काम संपतं आणि उरलेला दिवस ती सगळी यंत्रणा रिकामी उभी. त्याच बस आठ तासांत पाळीपाळीने भरल्या, तर अर्धा मेगावॅट पुरतो. आठ डीप्या. युनिट तेवढेच, बस तेवढ्याच, प्रवासी तेवढेच. फरक फक्त वेळापत्रकाचा, आणि त्या फरकावर कोट्यवधी रुपयांच्या तारा, रोहित्रं आणि उपकेंद्रं अवलंबून आहेत.

शेतीच्या बाबतीत ही गोष्ट राज्याने उशिरा का होईना ओळखली. सौर कृषी वाहिनी आणि सौर कृषीपंपांच्या योजनांमागचं तत्त्व तेच आहे. ऊन असेल तेव्हा, जिथे लागते तिथेच वीज तयार करायची आणि शेतकऱ्याला रात्रीच्या दहा तासांच्या ओलितातून सोडवायचं. रात्री साप-विंचवाच्या भीतीत, थंडीने काकडत दांड फोडणाऱ्या माणसाला दिवसा वीज मिळणं, हा माझ्या लेखी कोणत्याही जागतिक विक्रमाहून मोठा आकडा आहे. आगारांनाही हेच तत्त्व लागू पडतं. दुपारी उभ्या असलेल्या बस उन्हाच्या विजेवर भरता येतील, आणि वऱ्हाडात उन्हाला तोटा नाही.

म्हणून अमरावती असो, अकोला असो की मूर्तिजापूर, आगारात विजेच्या बस येण्याची घोषणा होईल तेव्हा बस किती, या एका प्रश्नावर थांबू नये. रोज किती युनिट, एका वेळी कमाल किती किलोवॅट आणि ते नेमके किती वाजता, हे तीन आकडे लोकप्रतिनिधींनी, पत्रकारांनी आणि प्रवाशांनी मागून घ्यावेत, आणि आगाराच्या फलकावर वेळापत्रकाशेजारी लावायला सांगावेत. बावीस गाड्यांच्या शर्यतीत हे आकडे क्षणाक्षणाला मोजले जातात आणि मर्यादा ओलांडणाऱ्याला दंड होतो. लाखो माणसांना रोज नेणाऱ्या एसटीचा हिशेब त्याहून ढिला असता कामा नये.